क्रमांक अकराचं पारायण

नागपूर
१२ डिसेंबर २०२४

ती. प्रभाकर मामांना चारूचा नमस्कार,

परवा फोन केला होता. "हॅलो, कोण, अहो बोला ना" एवढं बोलून तुम्ही ठेवून दिलात. कानाचं यंत्र कपाटातच असतं हे मामीकडून कळलं. म्हणून हे पत्र. तसंही तुम्ही पत्राला उत्तर देता, फोनला फक्त रागावता.

उन्हाळ्यात तुमच्याकडे राहून मी निंबोल्यात घरोघर फिरले, त्याचा लेख पूर्ण झाला. विषय तुम्हाला ठाऊक आहे: केळी पिकवणाऱ्या घरांत निर्णय कोण घेतं. लागवड कधी करायची, माल कुणाला द्यायचा, मुलगी कुठे द्यायची. चाळीस घरांत नवऱ्याला ओसरीवर आणि बायकोला स्वयंपाकघरात बसवून तेच प्रश्न वेगवेगळे विचारले. नाव कुणाचंच छापायचं नाही, प्रत्येक घराला नुसता क्रमांक.

आता तो कुठे छापायचा हा प्रश्न आहे. एक मोठं नामांकित नियतकालिक आहे. तिथे लेखाला कुलूप असतं. वाचायचा तर वाचकानं किंवा त्याच्या कॉलेजनं पैसे भरायचे. कुलूप काढून देतात, पण मग पैसे लेखकाकडून घेतात, आणि ते मला झेपणारे नाहीत. दुसरं, एका विद्यापीठातली अभ्यासक मंडळी चालवतात असं साधं नियतकालिक आहे. ते लेखकाकडूनही काही घेत नाहीत आणि वाचकाकडूनही नाही. लेख इंटरनेटवर खुला, ज्याला हवा त्यानं वाचावा. याला ओपन अॅक्सेस म्हणतात. छापण्याआधीची तपासणी दोन्हीकडे सारखीच कडक.

मी कुलूपवाल्यांकडे द्यायचं म्हणते आहे. तुम्ही कॉलेजच्या ग्रंथालयात जन्मभर कपाटांना कुलूप लावून पुस्तकं सांभाळलीत, तेव्हा तुम्हाला हे पटेलच. पुढच्या ऑक्टोबरात माझी नोकरी कायम करायची की नाही हे ठरवायला समिती बसणार आहे. तोवर लेख छापून आलेला हवा, नाहीतर मला दुसरीकडे वणवण करावी लागेल. म्हणून लवकर कळवा.

तुमची
चारू

•

निंबोला
२० डिसेंबर २०२४

चि. चारूस मामाचे आशीर्वाद, आणि लगोलग विरोध.

तुझा विचार मला अजिबात मान्य नाही. शोध निंबोल्यात केला, चहा निंबोल्याचा प्यायलीस, आणि वाचायची वेळ आली की निंबोल्यालाच कुलूप? ही कुठली विद्या?

माझ्या कपाटांचं उदाहरण तू दिलंस ते चुकीचं आहे. माझ्या कुलपाला किल्ली होती आणि ती माझ्या कमरेला होती. पुस्तक मागणारा माझ्या समोर उभा राहायचा. मी त्याला विचारायचो, "कशाला पाहिजे?" उत्तर समाधानकारक असलं की देत असे. तसं उत्तर क्वचितच मिळालं, यात माझा काय दोष? निवृत्त झालो तेव्हा एकाही पुस्तकाचं पान दुमडलेलं नव्हतं. पण तुझ्या या कुलूपवाल्यांना माणूस दिसत नाही, नुसता खिसा दिसतो. हे मी सहन करणार नाही.

लेख खुल्या ठिकाणीच जाईल. हा माझा निर्णय आहे आणि तो अंतिम आहे. मी एकदा ठरवलं की ठरवलं, हे तुझ्या मामीला विचार.

प्रभाकर

•

निंबोला
२१ डिसेंबर २०२४

चारू बेटा, खुश राह.

मी बोलली होती तसंच लिहिलंस, बरं झालं. तू सरळ लिहिलं असतंस की खुलं छापते, तर ते बोलले असते, फुकट मिळालं की लोक किंमत करत नाहीत, कुलूप पाहिजेच. आता कालपासून गावभर सांगू राह्यले की भाची कुलूप लावत होती, मी लावू दिलं नाही.

मले पण खुलंच पाहिजे होतं. आपण काय बोललो ते छापून आल्यावर पाहायचं आहे. आतापर्यंत माझं बोलणं फक्त भांड्यांनी ऐकलं.

थंडीत मफलर बांधत जा.

तुझी मामी
शोभा

•

नागपूर
७ जुलै २०२५

ती. मामा,

लेख छापून आला! सोबत छापील प्रत पाठवते आहे. खुला आहे, तुमच्या हुकमाप्रमाणे. दोन तज्ज्ञांनी तपासला, तीनदा दुरुस्त करायला लावला. समितीला कळवून टाकलं. ऑक्टोबरपर्यंत काही बिघडलं नाही तर तुमची भाची पक्की.

तुम्ही मागे विचारलं होतं की खुला म्हणजे नक्की किती खुला. तर कुणीही वाचावा, उतरवून घ्यावा, वाटावा, दुसऱ्या भाषेत नेला तरी चालेल. अट एकच, मूळ लेखिकेचं नाव द्यायचं आणि काही बदललं असेल तर तसं सांगायचं. आणि ही परवानगी एकदा दिली की परत घेता येत नाही.

आभारात तुमचं नाव पहिलं आहे. शेवटचं पान पाहा.

चारू

•

निंबोला
१६ जुलै २०२५

चि. चारूस अनेक आशीर्वाद. आज तुझा मामा फार आनंदात आहे.

आभाराचं पान मी आधी वाचलं आणि मग लेख. इंग्रजी तुझं चांगलं आहे, वाक्यं जरा लांब. भाषांतर करायची परवानगी सगळ्या जगाला आहे असं तू लिहिलंस, तेव्हा जगाची वाट न पाहता मीच बसलो. संपूर्ण लेख मराठीत उतरवला आहे.

आता पुढचं ऐक. नुसतं भाषांतर कपाटात ठेवायचं तर मग खुलेपणा कसला? तेव्हा श्रावणात, पहिल्या सोमवारपासून, मारुतीच्या देवळात तुझ्या लेखाचा सप्ताह लावतो आहे. रोज संध्याकाळी एक भाग. पहिल्या दिवशी संदर्भसूची. तुम्ही लोक ती शेवटी टाकता, पण आपल्याकडे आधी पूर्वसुरींना वंदन असतं. मग प्रस्तावना, मग अभ्यासपद्धती, मग ते तक्ते, शुक्रवारी निष्कर्ष, शनिवारी चर्चा, रविवारी समारोप. प्रसादाला आपलीच केळी. असा सप्ताह जिल्ह्यात कुणी केलेला नाही.

निष्कर्ष वाचताना फार करमणूक झाली. क्रमांक चार म्हणजे आपलंच घर, हे मला लगेच ओळखू आलं. "सगळं हेच ठरवतात, मी आपली चहा करते," असं त्या घरची बाई म्हणते. तुझी मामी कमी बोलते, पण बोलते ते नेमकं. आपला क्रमांक जाहीर करणार नाही, काळजी नसावी.

पण तो क्रमांक अकरा कोण गं? नवरा म्हणतो, "माझ्या संमतीशिवाय या घरात केळीचं पानही हलत नाही." अगदी माझ्यासारखं बोलतो. फरक इतकाच की माझ्या बाबतीत ते खरं आहे. आणि बायको म्हणते, "मला जे हवं त्याच्या उलट मी सुचवते. ते ठामपणे नाही म्हणतात. मग आम्ही त्यांच्या म्हणण्याप्रमाणे करतो." पुढे तर कमाल आहे: "मालाचा भाव मी व्यापाऱ्याशी आदल्या दिवशी फोनवर पक्का करते आणि दुसऱ्या दिवशी यांना ठरवायला पाठवते." मी हसून हसून खोकलो. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बिचारा." मला वाटतं शेजारचा गिरधर असावा. त्याच्या चेहऱ्यावर आहे ते.

प्रभाकर

•

नागपूर
२२ जुलै २०२५

ती. मामा,

घाईनं लिहिते आहे. भाषांतर केलंत, डोळे भरून आले. माझ्या कॉलेजातल्या कुणी मूळ लेखही पूर्ण वाचलेला नाही. पण कृपा करून निष्कर्षाचा भाग देवळात वाचू नका. लेख खुला आहे तो कुणीही वाचावा म्हणून, हे खरं. पण मी लिहिताना दूरचे अभ्यासक डोळ्यांसमोर ठेवले होते. गिरधरकाका, मालूबाई, सगळे शेजारी ओळीनं पुढे बसलेले आहेत असं चित्र डोळ्यांपुढे नव्हतं. नावं झाकली, पण गावाला बोलण्याच्या ढबीवरून माणूस कळतो. चूक माझी आहे. कुणी दुखावून तक्रार केली तर लेख मागे घ्यावा लागतो, आणि मग ऑक्टोबर गेला.

कोण कोणत्या क्रमांकाचं हे मी तुम्हालाही सांगू शकत नाही, तसं वचन दिलं आहे. एवढंच सांगते, की क्रमांक अकराला हसू नका. माणूस फार चांगला आहे.

चारू

•

निंबोला
२ ऑगस्ट २०२५

चि. चारूस आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. खरं सांगायचं तर निष्कर्ष वाचायचे की नाही याबद्दल माझं थोडं डळमळत होतं. भाग लांब, त्यात घसा बसलेला. पण "वाचू नका" असं तू लिहिलंस आणि माझा निश्चय झाला. विद्येला कुणी घाबरायचं नसतं, लिहिणाऱ्यानं तर मुळीच नाही.

सोमवारी संदर्भसूची वाचली. इतकी नावं ओळीनं ऐकून म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले, काहींनी शेवटी फुलं वाहिली. अभ्यासपद्धतीला माणसं जरा पेंगली. गिरधरनं मधेच प्रसाद कधी आहे असं विचारलं. पण काल शुक्रवारी काय सांगू! हनुमान जयंतीलाही एवढी गर्दी नसते. मालूबाईच्या माहेरची माणसं देडतलाईहून ट्रॅक्टरनं आली. आपली केळी घेणारे भूपेंद्र शेठ खास बुऱ्हाणपूरहून आले आणि पहिल्या रांगेत बसले.

क्रमांक अकरा सुरू झाला आणि देऊळ लोळायला लागलं. गिरधर तर खांब धरून हसत होता, तेव्हा तो नसावा अशी आता मला शंका येते. स्वतःवर इतकं कोण हसेल? मग मलाही आवरेना. मी हसलो तसे लोक आणखी हसले. भाव आदल्या दिवशी फोनवर पक्का होतो, त्या ओळीला भूपेंद्र शेठ डोळे पुसत बाहेर गेले. लोकाग्रहास्तव तो परिच्छेद तीनदा वाचला. माझ्या वाचनात एवढा विनोद आहे हे कॉलेजात कधी कुणाला कळलं नाही.

उद्या समारोप. माझ्या मनात आलं, सगळ्या चाळीस घरांत खरं बोलली ती एकच बाई. नवरा मूर्ख असला म्हणून तिची हुशारी झाकून का ठेवायची? तेव्हा जी कुणी असेल तिचा साडी-नारळ देऊन सत्कार करायचं ठरवलं आहे. ठरवलं मीच. मामीचा विरोध होता.

प्रभाकर

•

निंबोला
४ ऑगस्ट २०२५

चारू बेटा,

तू त्यांना "वाचू नका" असं कशाला लिहिलंस? एवढं शिकून पण तुले समजलं नाही का? जाऊ दे. आता काय झालं ते माझ्याकडून ऐक, ते लिहितील तेव्हा रागात लिहितील.

साडी आणायला आम्ही दोघं शनिवारी बुऱ्हाणपूरला गेलो. मी बोलली, निळी भडक दिसते, ती राखाडी घ्या. ते बोलले, सत्काराला राखाडी कुणी देतं का, निळीच घेऊ. निळी घेतली. बेटा, देवाची शपथ, तेव्हापर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. निळी साडी चांगली होती, बस, एवढंच.

काल देऊळ फुल्ल. त्यांनी भाषण केलं, तुझं कौतुक केलं. मग माईकवर बोलले, "या गावात एक बाई अशी आहे जिनं खरं सांगितलं. ती कोण हे मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण तिची इच्छा असेल तर तिनं पुढे येऊन हा मान घ्यावा." सगळं देऊळ माझ्याकडे पाहू राह्यलं. मालूबाईनं मले कोपरानं ढोसलं.

मी उठली. पदर घेतला आणि गेली. त्यांना वाटलं मी ताट धरायला आली. बोलले, "तू जरा थांब, ती बाई येऊ दे." मी बोलली, "आली."

त्यांनी साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भूपेंद्र शेठकडे. शेठ खाली पाहू लागले. मग तुझे मामा एकदम हळू बोलले, "म्हणजे अकरा..." माईक चालूच होता. पूर्ण गावानं ऐकलं. कुणी हसलं नाही बेटा. शुक्रवारी हसून झालं होतं, काल कुणीच नाही हसलं. त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि तसेच चप्पल न घालता घरी गेले.

आज सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत. दुपारी तापीच्या राजघाटावर जाऊन बसले, जेवायच्या वेळेला आले, जेवले, पण तोंड भिंतीकडे. मले आनंद झाला की वाईट वाटलं ते मले पण समजू नाही राह्यलं. पहिले आनंद झाला होता. आता त्यांची पाठ पाहून वाईट वाटतं.

मामी

•

निंबोला
६ ऑगस्ट २०२५

प्रा. चारुलता यांस स. न. वि. वि.

आपल्या लेखातील सहभागी क्रमांक अकरा याच नात्याने हे पत्र लिहीत आहे. पुरुष सहभागी.

आपण माझ्या ओसरीवर बसून, माझ्या घरचा चहा पिऊन, मला "घरात निर्णय कोण घेतं" असं विचारलंत. मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं. ते आपण छापलंत, आणि त्याच्याच खाली ते खोटं असल्याचा पुरावा छापलात. मग मी तो स्वतः भाषांतर करून, स्वतःच्या आवाजात, माईकवरून, लोकाग्रहास्तव तीनदा वाचला. असा अपमान करून घेण्यासाठी माणसाला किती कष्ट पडतात याची आपणास कल्पना नसेल.

गावातून फिरणं बंद झालं आहे. दुकानात साखर मागितली तर दुकानदार विचारतो, "मामींना विचारलं का?" गिरधर तर नुसता "ठरलं का?" एवढं म्हणतो आणि पुढे जातो.

लेखाला ताबडतोब कुलूप लावावं. ते होत नसेल तर लेख मागे घेण्यात यावा. संपादकांच्या नावे तक्रारीचा मसुदा तयार केला आहे. गुप्ततेचा भंग, सहभागीची मानहानी, दोन्ही मुद्दे त्यात आहेत. आपल्या उत्तराची वाट पाहून टपालात टाकेन.

कळावे,
प्रभाकर

•

नागपूर
१४ ऑगस्ट २०२५

मामा,

तुम्ही "आपण" म्हटलंत ते तक्रारीपेक्षा जास्त लागलं.

कुलूप लावता येत नाही. खुल्या लेखाची परवानगी परत घेता येत नाही, हे मी जुलैतच लिहिलं होतं. शिवाय पन्नास ठिकाणी तो उतरवून घेतलेला असणार. पण तुमची तक्रार गेली तर संपादक चौकशी करतील आणि लेख मागे घेतला असं त्यावर छापतील. तो तुमचा हक्क आहे. तुम्हाला ओळखता येईल असं मी लिहायला नको होतं. मी तुमची माफी मागते, भाची म्हणून आणि अभ्यासक म्हणूनही.

मामीला मी फोन करून विचारलं, काय करू? ती म्हणाली, "त्यांना लिही की तक्रार कराच, पाठवाच लवकर. मग नाही पाठवणार." सल्ला बरोबर असेल. डिसेंबरात मी तेच केलं होतं. मला लेख खुलाच छापायचा होता. तुमच्याकडून होकार हवा होता म्हणून मी उलटं लिहिलं. तेव्हा गंमत वाटली होती.

आता तसं करणार नाही. मला लहानपणी सुट्टीत तुम्ही बंद ग्रंथालयात नेऊन बसवायचात आणि कुठलंही कपाट उघडून द्यायचात. "कशाला पाहिजे" असं मला एकदाही विचारलं नाहीत. त्या माणसाशी मी दुसऱ्यांदा चलाखी करणार नाही. सरळ लिहिते: लेख राहावा अशी माझी इच्छा आहे. नोकरीसाठी तर आहेच. पण त्या लेखात मामी जे बोलली आहे ते मी शिकवते त्या कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणूनही. तरी तुम्हाला लाज वाटत राहणार असेल तर तक्रार टपालात टाका. मी तुमच्यावर रागावणार नाही. रडेन, ते वेगळं.

तुमची, अजूनही,
चारू

•

निंबोला
२५ ऑगस्ट २०२५

चि. चारूस आशीर्वाद. "आपण" मागे घेतलं.

तुझं पत्र वाचून मी तक्रारीचं पाकीट घेतलं आणि तुझ्या मामीसमोर जाऊन उभा राहिलो. विचारलं, "टाकू का?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "टाका."

आता माझी अवस्था बघ. पाकीट टाकलं तर बायकोचं ऐकलं असं होतं. नाही टाकलं तर तिनं उलट बोलून हवं ते करवून घेतलं असं होतं. मी पाकीट घेऊन ओसरीवर बसलो आणि चहा मागायचंही धाडस होईना, कारण चहा हवा हे तरी माझं मत कशावरून?

मग सगळं आयुष्य डोळ्यांपुढे यायला लागलं. कॉलेजनं मला खंडव्याला बढतीवर पाठवायचं ठरवलं होतं. ही हट्ट धरून बसली होती, जाऊच या, खंडवा मोठं गाव, तिथं बाजार चांगला. मी म्हटलं, नाही, मी माझी माती सोडणार नाही. मी ठाम राहिलो चारू. ठाम! सगळ्या स्टाफला पेढे वाटले होते त्या ठामपणाचे. घराला पिवळा रंग दिला तेव्हाही मी ठाम होतो. आपल्या दीपालीला बुऱ्हाणपुरातच द्यायची, लांब नाही, यावर तर मी दोन दिवस जेवलो नव्हतो. मुलीला दूर द्या म्हणून तिची आई रडत होती, आणि आता दीपाली दर रविवारी माहेरी येते.

राग आला. खूप आला. पण त्यातली एकही गोष्ट वाईट झालेली सापडेना. ते शोधण्यात संध्याकाळ गेली.

मग आत गेलो. कानाचं यंत्र लावलं, कारण हे मला नीट ऐकायचं होतं. म्हटलं, "शोभा, आता उलटसुलट नको. या लेखाचं काय व्हावं असं तुला वाटतं? तुला काय पाहिजे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढ्या वर्षांत मी तिला असं विचारलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. बोलायला गेली, म्हणाली, "मले तर वाटते लेख मागेच..." आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. चारू, तिला सरळ सांगताच येईना. सवयच नाही. मला त्या क्षणी माझी फार लाज वाटली. देवळात वाटली होती तिच्यापेक्षा वेगळी आणि मोठी.

मी तिथेच बसून राहिलो. भाकरी करपली. शेवटी ती म्हणाली, "चारूचं नाव वर छापलं. तुमचं आभारात छापलं. बोलली मी, आणि मले नंबर दिला. माझं नाव घाला."

एवढंच. लेख मागे नको, कुलूप नको. नाव पाहिजे.

तक्रार फाडली. तिच्या जागी संपादकांना नवीन पत्र लिहिलं आहे, सोबत जोडलं आहे. सहभागी क्रमांक अकरा, स्त्री, हिला आपली ओळख लपवायची नाही, तरी दुरुस्तीत तिचं नाव स्पष्ट छापावं. मी मसुद्यात "सौ. शोभा प्रभाकर" असं घातलं होतं. तिनं वाचलं आणि म्हणाली, नुसतं शोभा लिहा, मी एकटीनंच उत्तर दिलं होतं. पुन्हा लिहिलं. सही तिचीच आहे, कुणी हात धरलेला नाही. ऑक्टोबरच्या आत हे होईल असं बघ, म्हणजे समितीलाही दाखवता येईल, की ज्यांच्यावर लेख लिहिला त्यांनी तो वाचला आणि त्यात स्वतःचं नाव मागितलं. असा लेख तुमच्या कॉलेजात दुसऱ्या कुणाचा असेल तर मला कळव.

एक अडचण राहिली आहे. तिचं नाव आलं की तिचा नवरा कोण हे जगाला कळायला वेळ लागणार नाही. तेव्हा क्रमांक अकरा, पुरुष, याचंही नाव छापावं की तो क्रमांकच ठेवावा? मी तिला विचारलं. म्हटलं, जे तुला वाटतं ते सरळ सांग.

ती म्हणाली, "खरंच मले काही वाटत नाही. हे तुम्हीच ठरवा."

तेव्हापासून मी ओसरीवर बसून ठरवतो आहे. मला जमत नाही, चारू. तू काय म्हणतेस? सरळ लिही.

तुझा मामा
प्रभाकर